शब्द पोर्तुगीज, म्हणून जात परकी?

जातीवर चर्चा निघाली की थोड्याच वेळात कुणीतरी हुकमाचं पान टाकतं. 'कास्ट' हा शब्दच मुळी भारतीय नाही. तो पोर्तुगीज 'कास्ता'वरून आला, आणि 'कास्ता' आला लॅटिन 'कास्तुस'वरून, म्हणजे 'शुद्ध'. आपल्याकडे होते ते वर्ण, तेही गुणकर्मावर ठरणारे. जन्मावर बेतलेली उतरंड ही युरोपियनांच्या डोक्यातली कल्पना, त्यांनी ती आपल्या माथी मारली. एवढं सांगून सांगणारा विजयी मुद्रेनं थांबतो. समोरच्याला लॅटिन येत नसतं, त्यामुळे तोही थांबतो.

हे पान फक्त घरगुती गप्पांत पडतं असं नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेनं जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तशाच आशयाचं विधेयक मंजूर केलं आणि ऑक्टोबरात गव्हर्नर न्यूसम यांनी ते नाकारलं. या वादात बाजूनं आणि विरोधात बोलणाऱ्यांत भारतीय वंशाचीच माणसं पुढे होती. विरोध करणाऱ्यांपैकी काहींचं म्हणणं हेच होतं की 'कास्ट' ही वसाहतवाद्यांची संज्ञा आहे, ती कायद्यात घालणं म्हणजे त्यांचंच चित्र पुन्हा आमच्यावर चिकटवणं.

या युक्तिवादातली भाषाशास्त्राची बाजू कच्ची आहे, इतिहासाची त्याहून कच्ची. आणि समजा दोन्ही पक्क्या असत्या, तरी त्यातून काढलेला निष्कर्ष निघत नाही. पण शब्दाचा प्रवास इतका रंजक आहे की तो नीट पाहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

लॅटिनपासूनच सुरुवात करू. 'कास्तुस' या विशेषणाला मराठीत अगदी चपखल शब्द आहे: सोवळा. देवकार्याला चालेल इतका निर्मळ, आणि पुढे आचरणानं, विशेषतः स्त्री-पुरुष संबंधांत, निष्कलंक. त्याच्या उलट 'इन्केस्तुस', म्हणजे ओवळा. रक्ताच्या नात्यातल्या निषिद्ध संबंधाला आज इंग्रजीत जो 'इन्सेस्ट' शब्द आहे, तो इथूनच निघाला. 'कास्तिगारे' म्हणजे सुधारणं, वळणावर आणणं. त्याचं स्पॅनिशमध्ये 'कास्तिगार' आणि फ्रेंचमध्ये 'शातिए' झालं, आणि दोन्हींचा अर्थ उरला शिक्षा करणं. (वळण लावण्याचा अर्थ मार देणं इथवर पोचायला शाळामास्तर फक्त आपल्याकडेच होते असं नव्हे.) स्पॅनिश, पोर्तुगीज आणि इटालियनमधला 'कास्तो', फ्रेंचमधला 'शास्त' हे सगळे याच घरातले, अर्थ शीलवान. इथवर कुणाचा वाद नाही.

वाद आहे तो 'कास्ता' या नामाबद्दल. वंश, पैदास, वाण हा त्याचा अर्थ, आणि या अर्थानं तो मुळात फक्त आयबेरियन द्वीपकल्पात सापडतो: स्पॅनिश, पोर्तुगीज आणि कॅटलानमध्ये. इटालियन आणि फ्रेंचनं तो तिथून उसना घेतला, रोमानियननं पुढे फ्रेंचकडून. फ्रेंच शब्द तर स्वतःच साक्ष देतो. लॅटिन शब्दाच्या आरंभी येणाऱ्या 'का'चं फ्रेंचमध्ये येताना 'श' होतं. 'कान्तारे', म्हणजे गाणं, त्याचं 'शाँते' झालं. 'काबाल्लुस', म्हणजे घोडा, त्याचं 'शव्हाल'. 'कास्तेल्लुम'चं 'शातो', 'कास्तुस'चं 'शास्त'. वंश या अर्थाचा 'कास्त' मात्र आपला 'क' शाबूत ठेवून बसला आहे. घरात वाढलेला शब्द असता तर त्याचाही 'श' झाला असता. हा सरळसरळ बाहेरून आलेला पाहुणा.

मग द्वीपकल्पात तो कुठून आला? १६११ साली माद्रिदमध्ये सेबास्तियान दे कोवारुबियास या धर्मगुरूनं स्पॅनिशचा मोठा कोश छापला. त्यात तो सांगतो की 'कास्ता' म्हणजे उत्तम कुळ, आणि शब्द 'कास्तुस'वरूनच आला. कारण काय, तर मुलं होण्यासाठी माणसानं कामवासनेत बेफाम असू नये. छचोर पुरुषांना संतती होत नाही आणि बायकांपासून जरा दूर राहणाऱ्यांना पोरं पुष्कळ होतात, असं या धर्मगुरूचं निरीक्षण. आज आपण ज्या व्युत्पत्तीला 'शास्त्र' समजून पुढे पाठवतो, तिचा एक जुना आधार हा असा आहे.

विसाव्या शतकात जुआन कोरोमिनास या कॅटलान भाषापंडितानं ही व्युत्पत्ती नाकारली. त्याच्या मते शब्द गॉथिक आहे: 'कास्त्स', म्हणजे जनावरांचा कळप किंवा पाखरांची एका घरट्यातली पिल्लं. रोमन सत्ता ढासळल्यावर व्हिसिगॉथ टोळ्यांनी स्पेनवर राज्य केलं, त्यांच्या बोलीचा हा अवशेष. स्पॅनिश अकादमीच्या कोशातही आज 'कदाचित' असं म्हणून गॉथिकच दिलेलं आहे. अर्थात हा गॉथिक शब्द कुठल्याही जुन्या लेखात सापडलेला नाही. भाषापंडित अशा शब्दाच्या डोक्यावर तारा काढतात, म्हणजे तर्कानं उभा केलेला. तेव्हा निकाल लागला असं म्हणता येत नाही. पण 'कास्ता म्हणजे लॅटिनमध्ये शुद्ध' हे वाक्य जितक्या ठामपणे फेकलं जातं, तितका ठामपणा त्यात नाही एवढं नक्की.

मला स्वतःला गॉथिक बाजू पटते, आणि ती कोशांपेक्षा वापरामुळे पटते. स्पॅनिशमध्ये म्हण आहे की शिकारी कुत्र्याला लांब शेपटी त्याच्या 'कास्ता'कडून येते. आपण म्हणतो खाण तशी माती. झुंजीच्या बैलात 'कास्ता' आहे म्हणजे तो अंगातच आक्रमकता घेऊन जन्मला आहे. पोर्तुगालमध्ये आज तुम्ही वाइनच्या बाटलीमागचा कागद वाचलात तर 'कास्ता' या शब्दापुढे द्राक्षाच्या वाणांची नावं असतात, तूरिगा नासिओनाल, अल्व्हारिन्यो. शेतकरी, गोठेवाला, शिकारी यांच्या तोंडचा हा शब्द. त्याला सोवळ्याचा वास नंतर चिकटला.

आणि तो का चिकटला तेही दिसतं. १४४९ मध्ये तोलेदो शहरानं एक ठराव केला: यहुदी धर्मातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांतल्या माणसांना यापुढे सरकारी पद मिळणार नाही. धर्म बदलला, बाप्तिस्मा झाला, तरी रक्त तेच. 'रक्ताची निर्मळता' हे त्या धोरणाचं नाव पडलं आणि पुढची काही शतकं स्पेन आणि पोर्तुगालमध्ये पदासाठी, मठात प्रवेशासाठी, मोठ्या विद्यालयांत जागेसाठी वंशावळी तपासल्या गेल्या. अशा हवेत जनावरांच्या पैदाशीचा शब्द माणसांच्या कुळाला लागला आणि कोशकारांना त्यात 'शुद्ध' दिसायला लागलं, यात नवल कसलं? ही व्युत्पत्ती त्या काळाचं वेड सांगते; शब्दाचा जन्म सांगते असं धरून चालू नये.

हा शब्द घेऊन ती माणसं मांडवीच्या काठावर उतरली. त्यांत एक होता गार्सिया द ओर्ता, पोर्तुगीज वैद्य. १५३४ मध्ये गोव्यात आला, तिथेच राहिला; मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्यानं होतं. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात चांभारांबद्दल बोलताना तो सहज नोंदवून जातो की इथे बापाचा धंदा कुणी सोडत नाही, आणि एका धंद्याचे सगळे एकाच 'कास्ता'चे असतात. नोंद कोरडी आहे. तिच्यात निषेध नाही, सिद्धान्तही नाही. झाडाचं पान पाहून लिहावं तसं लिहिलं आहे.

हा ओर्ता स्वतः बाटलेल्या यहुदी घराण्यातला होता. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं. १५६८ मध्ये ओर्ता वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जाळण्यात आलं, आणि १५८० मध्ये त्याचीही हाडं कबरीतून उकरून जाळण्यात आली. गुन्हा एकच, की वरवर ख्रिस्ती होऊन आत ते यहुदीच राहिले. चांभाराच्या जातीबद्दल लिहिणाऱ्या माणसाला त्याच्या 'कास्ता'नं मेल्यावरही सोडलं नाही. तेव्हा पोर्तुगीज निर्मळ डोळ्यांनी आले होते असा माझा दावा मुळीच नाही. त्यांच्या झोळीत स्वतःची घाण भरपूर होती.

पण त्यांनी या शब्दाचा वापर केला कसा, ते पाहा. त्या काळचा इतिहासकार कास्तान्येदा 'मूरांच्या कास्ता'तला माणूस म्हणतो, म्हणजे मुसलमान. गास्पार कोरेया 'ख्रिस्त्यांचा कास्ता' म्हणतो. ओर्ता चांभारांबद्दल म्हणतो. म्हणजे ही हिंदू समाजासाठी घडवलेली संज्ञा नव्हती. त्यांच्या बोलीतला 'प्रकारची माणसं' या अर्थाचा ढिला, रोजचा शब्द होता. आणि १५६७ मध्ये गोव्याच्या पहिल्या प्रांतीय धर्मपरिषदेनं जेव्हा ठरावात लिहिलं की इथले लोक स्वतःला कमी-जास्त प्रतिष्ठेच्या 'कास्तां'मध्ये विभागून घेतात, ख्रिस्त्यांना खालचे मानतात, आणि वरच्यानं खालच्याबरोबर खाणंपिणं निषिद्ध समजतात, तेव्हा ती पाद्रीमंडळींची तक्रार होती. धर्मांतराच्या कामात त्यांना हा अडथळा वाटत होता. जी गोष्ट आपणच निर्माण करतो, तिच्याबद्दल माणूस असा वैतागत नाही.

उलट अनुवाद म्हणून पाहिलं तर 'कास्ता' ही निवड विलक्षण अचूक होती. आपला 'जात' शब्द काय काय सांभाळतो? माणसांची जात, सापाची जात, आंब्याची जात, म्हशीची जात. कोल्हापूरकडचा शेतकरी उसाच्या को ८६०३२ या जातीबद्दल बोलतो. चांगल्या पैदाशीचा घोडा जातिवंत; नेमक्या त्याच अर्थानं स्पॅनिशमध्ये 'कास्तिसो'. 'जातीच्या सुंदराला काहीही शोभतं' हे वाक्य स्पॅनिशमध्ये 'कास्ता' घालून जसंच्या तसं म्हणता येईल. गंमत अशी की 'वर्ण' हा शब्दही याच वाटेनं गेला: त्याचं मराठीत 'वाण' झालं आणि नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराच्या तोंडी जाऊन बसलं. लिस्बनचा 'कास्ता' आणि नाशिकचं 'वाण' एकाच वेलावर आहेत. पोर्तुगीजांनी इथे येऊन नवं काही बनवलं नाही. समोर दिसलं त्याला त्यांनी आपल्या भाषेतला सर्वात जवळचा शब्द दिला, आणि तो जवळचा होता.

शब्दाच्या जन्मावरून गोष्टीचा जन्म ठरवायचाच असेल, तर हा हिशेब एकदा पुरताच करू या. 'जात' हा संस्कृत 'जन्' धातूपासून, अर्थ जन्मलेला. याच मूळ शब्दाचं लॅटिनमधलं रूप 'ग्नातुस', पुढे 'नातुस'. त्यावरून 'नातिओ', आणि त्याचंच स्पॅनिश 'नासिओन', फ्रेंच 'नासिओं', इटालियन 'नात्सिओने', इंग्रजी 'नेशन'. म्हणजे लॅटिनमध्ये जातीचा सख्खा भाऊ कोण, तर राष्ट्र. फ्रेंचांचा नाताळ 'नोएल' हाही त्याच घरचा, आणि आपला 'नाताळ' तर पोर्तुगीजांकडून थेट आलेला. आता व्युत्पत्तीनं सत्य ठरतं असं मानणाऱ्यांनी सांगावं, जात म्हणजे राष्ट्र असं आपण उद्यापासून म्हणायचं का? की नाताळ ही जातिव्यवस्थेची शाखा? इथवर कुणी येत नाही. व्युत्पत्ती सोयीची असेपर्यंतच प्रमाण असते.

इतिहासाचं उत्तर तर याहून सरळ आहे. इसवी सन १०३० च्या सुमारास अल बेरुनीनं भारतावर अरबीत लिहिलं. हिंदू लोक या गटांना 'वर्ण' म्हणजे रंग म्हणतात आणि वंशाच्या अंगानं 'जातक' म्हणजे जन्म म्हणतात, असं त्यानं स्वच्छ नोंदवलं आहे. चार वर्णांच्या बाहेर ठेवलेल्यांचाही त्यात उल्लेख आहे. वास्को द गामा कालिकतला यायला अजून साडेचारशे वर्षं होती. आपल्या पंढरपुरात चोखोबांना देवळाच्या आत जाता येत नव्हतं, त्यांची समाधी आजही महाद्वाराबाहेर आहे. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून ते गेले, ते साल १३३८ मानतात. 'कास्ता' शब्दाची स्पॅनिश लेखनातली पहिली नोंद १४१७ ची सांगतात. चोखोबांना दाराशी अडवणाऱ्यांनी कुठला पोर्तुगीज कोश पाहिला होता?

यावर एक जबाबदार प्रतिवाद आहे आणि तो मान्य करायला हवा. इंग्रजांनी जातीला नवं कडकपण दिलं. १९०१ च्या जनगणनेत तिचे प्रमुख इंग्रज अधिकारी रिस्ले यांनी जातींची सामाजिक प्रतिष्ठेच्या क्रमानं यादी लावायचा घाट घातला, आणि देशभरातल्या जातिसभा आपला क्रमांक वर सरकवण्यासाठी अर्ज घेऊन उभ्या राहिल्या. प्रांताप्रांतांत सैल, स्थानिक, भांडत-तंडत चाललेली उतरंड सरकारी तक्त्यात बसली. हे खरं आहे, आणि त्याचा अभ्यास झाला पाहिजे. पण घट्ट करणं आणि निर्माण करणं यांत फरक आहे. कुणी काय नेसावं, कोणत्या मंत्रांनी संध्या करावी, कुणाच्या पंक्तीला बसावं यावरून पेशवाईत रंगलेली ग्रामण्यं, म्हणजे जातीजातींतले तंटे, कोणत्या रिस्लेनं लावली होती? 'ग्रामण्य' हा शब्द तरी लॅटिन नाही.

स्पॅनिश लोकांनी खरोखर एक जातिव्यवस्था निर्माण केली, पण ती इथे नाही, मेक्सिकोत. हे उदाहरण आपल्या वादात फारसं कुणी आणत नाही, आणायला हवं. तिथे स्पॅनिश, मूळ रहिवासी आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले लोक यांच्या संकरातून झालेल्या प्रजेला 'कास्तास' म्हणत. अठराव्या शतकात या संकराची चित्रं काढण्याची टूम निघाली. बहुधा सोळा चित्रांचा संच. प्रत्येकात आई, बाप आणि मूल, आणि खाली हिशेब: स्पॅनिश पुरुष आणि मूळ रहिवासी बाई, मूल 'मेस्तिसो'. मेस्तिसो बाई आणि स्पॅनिश पुरुष, मूल 'कास्तिसो'. मिगेल काब्रेरा या नामांकित चित्रकाराचा १७६३ चा संच पाहिला तर स्वयंपाकघरातली भांडी, कापडांची वीण, फळं इतकी जिवंत आहेत की मजकूर वाचायला आपण विसरतो. मग मजकूर दिसतो. यादी खाली खाली जाते तसे शब्द संपत जातात आणि नावं पडतात: 'उलटा फिरलेला', 'लांडगा', 'हवेत लटकलेला', आणि एका संकराचं तर चक्क 'तुझं काही कळत नाही'. नाव देणाऱ्यानंच हात टेकले.

तिथे 'कास्ता'चा अर्थही पार फिरला. कोवारुबियाससाठी जो शुद्ध कुळाचा शब्द होता, तो मेक्सिकोत मिसळलेल्यांचा शब्द झाला. 'कास्तिसो' मेक्सिकोत तीन हिस्से स्पॅनिश. त्याचाच पोर्तुगीज भाऊ 'कास्तिसु' गोव्यात म्हणजे इथे जन्मलेलं, पण आईबाप दोन्हीकडून पोर्तुगीज असलेलं मूल. आणि आजच्या माद्रिदमध्ये 'कास्तिसो' म्हणजे अस्सल पेठी माणूस. एकाच शब्दाला तीन गावांत तीन रक्तं. 'मूळ अर्थ शुद्ध' हे घोकणाऱ्यांनी यातला कोणता अर्थ मूळ धरायचा?

मेक्सिकोच्या उदाहरणाचा खरा उपयोग पुढे आहे. १८१३ मध्ये चिल्पान्सिंगो इथे स्वातंत्र्यलढ्याचा नेता मोरेलोस यानं नव्या राष्ट्रासाठी जी कलमं मांडली, त्यांत गुलामगिरी कायमची बंद आणि तसाच 'कास्तां'मधला भेदही, असं स्पष्ट लिहिलं. तो स्वतः मिश्र वंशाचा पाद्री होता. त्यानं असा युक्तिवाद केला नाही की हा शब्द स्पेनचा आहे, सबब ही भानगड आमची नाही. भानगड खरोखरच स्पेननं लादलेली असूनही, ती मोडण्याची जबाबदारी त्यानं आपल्या कलमात घातली. आपण मात्र जी लादलेली नाही तिलाही लादलेली म्हणून मोकळे होऊ पाहतो.

युरोपात हा शब्द आज तिसऱ्याच कामाला जुंपला आहे, आणि त्याबद्दल मराठी वृत्तपत्रांशी माझं छोटं भांडण आहे. १७८९ च्या सुरुवातीला सिएएस या फ्रेंच धर्मगुरूनं सरदारवर्गाला 'कास्त' म्हटलं आणि तळटीपेत बजावलं की हाच खरा शब्द. भारतातून ऐकलेली गोष्ट पॅरिसच्या सरदारांच्या तोंडावर मारायला वापरली गेली. ती परंपरा टिकली. २००७ मध्ये इटलीत रित्सो आणि स्तेल्ला या दोन पत्रकारांचं राजकारण्यांच्या सवलती आणि उधळपट्टीवरचं पुस्तक आलं, नाव 'ला कास्ता'. दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या आणि तो शब्द शिवी झाला. २०१४ मध्ये स्पेनमध्ये पोदेमोस या डाव्या पक्षानं तो उचलला. मग अर्जेंटिनात हाव्हिएर मिलेई 'कास्ता घाबरली आहे' या घोषणेवर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षपदापर्यंत गेले.

वापरणाऱ्यांवर तो उलटतोही पटकन. पोदेमोसच्या नेत्यानं २०१८ मध्ये माद्रिदबाहेर बागेसह मोठं घर घेतलं, तेव्हा त्याला त्याच शब्दानं झोडपलं गेलं. मिलेई यांनी शपथ घेतली त्याच दिवशी नातेवाइकांच्या नेमणुकीला आडवा येणारा नियम बदलून सख्ख्या बहिणीला राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाची मुख्य केलं. यावर हसता येतं, पण मुद्दा वेगळा आहे. या 'कास्ता'त शिरता येतं. निवडून या, पद मिळवा, तुम्ही आत. निवडणूक हरा, तुम्ही बाहेर. ज्या गटात प्रवेश मतपेटीतून मिळतो, त्याला आपल्या अर्थानं जात म्हणणं म्हणजे शब्दातला काटाच काढून टाकणं. म्हणून अर्जेंटिनाच्या बातमीत 'राजकारण्यांची जात' असं भाषांतर वाचलं की मी अडखळतो. मराठीत यासाठी तयार शब्द आहे: प्रस्थापित. मिलेई प्रस्थापितांविरुद्ध बोलतात. जात त्यांच्या वाटेला आलेली नाही.

शब्दाच्या उगमावर वेळ घालवायचा नाही असं १९१६ मध्येच एका मराठी विद्यार्थ्यानं दाखवून दिलं होतं. कोलंबिया विद्यापीठात मे महिन्यात बाबासाहेबांनी जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. सेनार, नेसफील्ड, रिस्ले, आपले श्रीधर व्यंकटेश केतकर या सगळ्यांच्या व्याख्या त्यांनी समोर ठेवल्या, प्रत्येकीत काय कमी पडतं ते सांगितलं, आणि बोट ठेवलं ते लग्नावर. गटाबाहेर मुलगी द्यायची नाही, गटाबाहेरची आणायची नाही. बाकी सगळं त्याभोवती गुंफलेलं. जात म्हणजे दारं बंद केलेला वर्ग. या व्याख्येला पोर्तुगीज शब्द लावा, संस्कृत लावा किंवा कुठलाच लावू नका, तिचं काही अडत नाही.

सिअ‍ॅटलच्या नियमातली व्याख्याही तिथेच येते: जन्मानं मिळणारा दर्जा, गटातल्या गटात लग्न, आणि रूढी, कायदा किंवा धर्मानं मान्य केलेल्या सामाजिक भिंती. कॅलिफोर्नियाच्या फेटाळलेल्या विधेयकातही वारशानं मिळालेला, बदलता न येणारा दर्जा आणि लग्नावरची बंधनं हेच शब्द होते. लॅटिनचा कुठे पत्ता नाही, हिंदू धर्माचं नावही नाही. त्यामुळे या कायद्यांना विरोध करायचा तर याच मुद्द्यांवर करा: असे कायदे गरजेचे आहेत का, आहे तो वंशभेदविरोधी कायदा पुरत नाही का, पुरावा कसा गोळा होणार, निष्कारण संशय कुणावर येईल. हे खरे प्रश्न आहेत आणि त्यांच्यावर प्रामाणिक माणसांचे मतभेद होऊ शकतात. 'कास्तुस'ची विभक्ती चालवून त्यांतला एकही सुटत नाही.

आणि शब्दानंच व्यवस्था येते-जाते असं ज्यांना अजूनही वाटतं, त्यांनी गोव्यातल्या वर्तमानपत्रांतल्या वधू-वर जाहिराती चाळाव्यात. पोर्तुगीज १९६१ मध्ये गेले. त्यांच्या धर्मात बाप्तिस्मा झालेले सगळे समान. त्यांचा 'कास्ता' हा शब्द या जाहिरातींत कुठेही लागत नाही. तरी तिथे 'आरसीबी' आणि 'आरसीसी' अशी अक्षरं असतात: रोमन कॅथलिक ब्राह्मण, रोमन कॅथलिक चारडो (स्वतःला मूळचे क्षत्रिय मानणारे). साडेचारशे वर्षांच्या धर्मांतरानंतर, लग्नाच्या स्तंभात, आद्याक्षरांत.